पाठीतली गाठ, हुकाची काठी आणि माझी शंका

वेलांटी
नमस्कार मंडळी. विषय तसा किरकोळ आहे, पण रोज संध्याकाळी छळतो म्हणून धागा काढतेय.

माझ्या उजव्या खांद्याचं पातं आणि कणा यांच्या मधे, पात्याच्या आतल्या कडेला लागून एक जागा आहे. चाचपली तर गोटीएवढी गाठ लागते आणि दाबली की "हीच ती!" असं आतून कोणीतरी ओरडतं. अडचण अशी की तिथे स्वतःचा हात पोचत नाही. वरून घातला तर दोन बोटं अलीकडे राहतो, खालून घातला तर कोपर बोंब मारतं. घरातल्यांना तरी किती वेळा सांगणार? "इथे का? जरा वर? अजून डावीकडे?" करता करता दाबणाऱ्याचा अंगठा दुखायला लागतो, आणि नेमकी जागा सापडते तेव्हा त्याचा उत्साह संपलेला असतो.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती हुकासारखी काठी आणली. एक टोक मोठ्या आकड्यासारखं वाकवलेलं, टोकांना गोळे, मधे धरायला आडव्या मुठी. आकडा खांद्यावरून मागे टाकायचा, गोळा दुखऱ्या जागेवर टेकवायचा आणि पुढचा दांडा दोन्ही हातांनी अंगापासून लांब लोटायचा. मागे गोळा बरोब्बर रुततो. पहिल्या दिवशी तर डोळ्यांत पाणी आलं, सुखाने!

पण आता शंका. दाबलं की तास-दीड तास बरं वाटतं, मग गाठ परत हजर. दोन महिने रोज हेच चाललंय. मी जोर वाढवला, वेळ वाढवला, फरक तेवढाच. माझं काही चुकतंय, की हे साधन गाठीला नुसतं झोपवतं? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा.

गोगलगाय
काठीपेक्षा तुमच्या घरातल्यांना सुटकेचा आनंद जास्त झाला असणार. वाचतेय.

छत्रीवाला
काठी विकत आणलीत? अहो, घरात छत्री नाही का? जुन्या पद्धतीची, लाकडी वाकडी मूठ असलेली. मी बारा वर्षं तीच वापरतोय. मूठ खांद्यावरून मागे, दांडा पुढून खाली ओढायचा. तुमच्या काठीला गोळा आहे, माझ्या मुठीला टोकाशी एक टवका उडालेला आहे, तो अगदी नेमक्या जागी बसतो. आता तर तो टवका नसलेली छत्री मला चालतच नाही.

एकच सूचना. छत्री उघडायचं बटण कुठे आहे ते आधी बघून घ्या. मी एकदा नाही बघितलं.

गोगलगाय
छत्रीवाला, पुढे काय झालं ते न सांगता जाऊ नका.

छत्रीवाला
समोर ट्यूबलाइट होती. आता नाही.

टंकनाना
आम्ही छत्रीच्याही आधीचे. तीस वर्षं टंकलेखन केलं. मान एका बाजूला मजकुराकडे वळलेली आणि बोटं कळांवर. संध्याकाळपर्यंत उजवीकडची शीर अशी ताठ व्हायची की कपाळापर्यंत ठणका. उपाय एकच, दाराच्या चौकटीची कड. खांबाला पाठ घासणारी म्हैस बघितलीय ना? तस्सा. ऑफिसात साहेबांनी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा न बोलता दुसऱ्या दाराने गेले.

निवृत्तीनंतर कोणीतरी ती छोटी लाकडी जिमी दिली, मुठीत मावणारी, बोथट टोकं असलेली. तळहात, अंगठ्याचा फुगीर भाग, कोपराखालचा स्नायू यांना ती झकास. पाठीला निरुपयोगी. वेलांटीताई, तुमची गाठ जिमीच्या टप्प्यातली नाही, काठीच बरोबर आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

शंकासुर
जाणकार येईपर्यंत मी थोडं विरजण घालतो.

"गाठ" म्हणून जे हाताला लागतं ते नेमकं काय असतं, यावरच अजून एकमत नाही. शरीरातून ऊर्जेच्या वाहिन्या जातात आणि ठरावीक बिंदू दाबले की त्या मोकळ्या होतात, ही अॅक्युप्रेशरची मूळ कल्पना. अशा वाहिन्या शवविच्छेदनात कोणाला दिसलेल्या नाहीत. स्नायूतल्या "ट्रिगर पॉइंट"ची, म्हणजे दाबला की दुखणाऱ्या आणि लांबवर कळ पाठवणाऱ्या ताठर बिंदूची, कल्पना जरा जास्त शास्त्रीय वाटते, पण तिथेही गोची आहे. एकाच रुग्णाची पाठ दोन तपासनिसांनी वेगवेगळी चाचपली तर नेमकी जागा सांगण्यात त्यांचं फारसं जमत नाही, असं अभ्यासांत दिसलंय. 2015 मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी या अख्ख्या सिद्धांताची चिरफाड करणारा लेख लिहिला होता.

मग दाबल्यावर बरं का वाटतं? वाटतंच, मी नाकारत नाही. पण "गाठ फुटली" म्हणून नाही. काठी घ्या, छत्री घ्या, म्हैस व्हा. फक्त आपण काहीतरी मोडून बाहेर काढतोय असं समजू नका.

खडूस
शंकासुर आले, आता धागा शंभरी गाठणार.

एकवेणी
शंकासुर, तुमची पाठ कधी दुखली आहे का हो? मनापासून विचारतेय.

शंकासुर
दुखते. टेनिसचा चेंडू भिंतीला लावून दाबतो. तरीही वरचं सगळं खरंच आहे.

अर्धविराम
शंकासुरांशी बराचसा सहमत, पण ट्रिगर पॉइंटच्या मागचा माणूस, म्हणजे बाई, सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॅनेट ट्रॅव्हेल. केनेडींचं पाठीचं दुखणं सर्वश्रुत आहे, त्यावर त्या उपचार करत. 1961 मध्ये केनेडी अध्यक्ष झाले आणि या बाई त्यांच्या वैद्य. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या वैयक्तिक वैद्य म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. केनेडींची ती प्रसिद्ध डुलणारी खुर्ची आहे ना, तीही त्यांनीच सुचवलेली. पुढे डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबर त्यांनी ट्रिगर पॉइंटवरचा जाडजूड ग्रंथ लिहिला, पहिला खंड 1983 चा. कुठला स्नायू दाबल्यावर कळ कुठे जाते याचे नकाशे त्यात आहेत. आज फिजिओच्या भिंतीवर लाल ठिपक्यांचे तक्ते दिसतात, त्यांचं माहेर ते.

आणखी एक गंमत. 1977 मध्ये मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी ट्रिगर पॉइंट आणि अॅक्युपंक्चरचे बिंदू यांची जुळणी करून 71 टक्के मेळ सांगितला. त्यावर नंतर जोरदार आक्षेप घेतले गेले, कारण बिंदू इतके जवळजवळ आहेत की पाठीवर डोळे मिटून बोट ठेवलं तरी कशाच्या तरी शेजारी पडणारच.

कळफलक
+१. वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न जरा अवांतर. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडऱ्यांच्या मधे एक बिंदू असतो. प्रवासात मळमळलं की मी जिमीने तो दाबतो. तेही मनाचे खेळ का?

शंकासुर
नेमका अवघड प्रश्न विचारलात. अॅक्युप्रेशरवाले त्या बिंदूला पी-सिक्स म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याच्यावर भरपूर चाचण्या झाल्या आहेत आणि खोट्या उपचाराच्या तुलनेत उपयोग दिसलाही आहे. का होतो ते वेगळं. गाडी लागण्याबद्दल मात्र तेवढं ठामपणे मी बोलणार नाही. पण ती मळमळ झाली, वेलांटींची गाठ नव्हे.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सवडीने सविस्तर लिहितेय, कारण रोज दोन-तीन तरी असे "काठीवाले" येतात.

आधी शंकासुरांना: बरोबर आहे, आपण काही फोडत नाही. दाबाची संवेदना वेदनेच्या संवेदनेला मज्जारज्जूच्या पातळीवरच काही प्रमाणात अडवते. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेली "गेट"ची कल्पना तीच. कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो, तेच. शिवाय मेंदू त्या भागाला थोडं सैल सोडतो. म्हणून हालचाल सुधारते, पण काही मिनिटं, फार तर काही तास. वेलांटी, तुमचा तास-दीड तास म्हणजे साधन नीट चालतंय. त्याची कुवतच तेवढी. ही खिडकी आहे. ती उघडी असताना तुम्ही काय करता ते महत्त्वाचं.

आता वापराबद्दल. अंगावर पातळ कपडा असू दे, उघड्या कातडीवर घासू नका. गोळा घसरवायचा नाही, कातडीसकट हलला पाहिजे. दाब इतका की दहापैकी पाच-सहा दुखेल. श्वास रोखला जात असेल, दात आवळले जात असतील, तर तुम्ही आठवर आहात. स्नायू तेव्हा सैल होत नाही, उलट भांडतो. एका जागेवर अर्धा ते दीड मिनिट. श्वास सोडताना दाब थोडा वाढवा, घेताना कमी करा. एका बैठकीत दोन-तीन जागा, बस. आणि दाब सोडल्यावर लगेच खांदे गोल फिरवा, मान सावकाश दोन्हीकडे वळवा, हात भिंतीवर चढवत न्या. हे शेवटचं कोणीच करत नाही. काठी ठेवतात आणि परत त्याच खुर्चीत बसतात.

कुठे लावायची नाही: मानेची पुढची बाजू आणि कडा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, शिवाय एक जागा अशी की दाबली तर हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते, आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगाही तिथूनच जातो. कण्याच्या मणक्यांवर थेट नाही. काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात नाही. बरगड्यांच्या खाली मूत्रपिंडाच्या बाजूला जोर नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, पोटरीत गुठळीची शंका असेल, तर हे साधन विचारल्याशिवाय हातात घ्यायचंच नाही.

वेलांटी, तुम्ही एका वेळी किती मिनिटं दाबता? खरं सांगा.

वेलांटी
मालिकेचा एक भाग. म्हणजे वीस-बावीस मिनिटं.

कधी दोन भाग.

सांधेजोड
कपडा?

वेलांटी
नाही. आणि आता तुम्ही विचारलंच आहे तर... मागे काळंनिळं पडलंय. मुलीने परवा पाहिलं आणि "आई, तुला कोणी मारलं का" म्हणाली. मला वाटायचं डाग पडला म्हणजे आतली घाण वर येतेय.

सांधेजोड
घाण नाही, रक्त आहे. कातडीखालच्या केशवाहिन्या फुटल्या. त्या जागेला पूर्ण विसावा द्या, डाग जाईपर्यंत काठी कपाटात. गेले काही आठवडे तुम्हाला जी "गाठ" दुखतेय त्यातला अर्धा भाग तुम्हीच रोज कुटून तयार केलेला असणार.

खडूस
म्हणून म्हणतो, ती मसाजची थरथरणारी गन घ्या. दोन मिनिटांत काम तमाम.

सांधेजोड
खडूस, वेलांटींच्या हातात गन दिली तर काय होईल त्याचा विचार करा. गनचा अतिरेक केल्यावर स्नायूंच्या पेशी फुटून रुग्णालयात भरती व्हावं लागल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. विरळा आहे, पण आहे. काठीचा फायदा असा की हात दमतो आणि माणूस थांबतो. गन दमत नाही.

गोगलगाय
वेलांटी सोडून. त्या दमत नाहीत.

निशिगंध
चेष्टा चाललीय, पण मला एक सांगायचंय.

गेल्या वर्षी माझ्या बाबांच्या पाठीत असंच सुरू झालं. डावीकडे, पात्याच्या जरा खाली. "उसण भरलीय" म्हणाले. आमच्याकडे ती काठी होती, मी लावून दिली. ते म्हणाले दाबल्यावर बरं वाटत नाही, उलट चटका बसल्यासारखं होतंय, सदरा लागला तरी झोंबतंय. मी म्हटलं, जुनी गाठ आहे, वेळ लागेल. दोन दिवस मी रोज दोनदा दाबून दिलं. त्यांनी दात-ओठ खाऊन सहन केलं, कारण लेक हौसेने करतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदरा काढला तर कण्यापासून छातीकडे जाणारा लाल पट्टा आणि त्यावर बारीक पाण्याचे फोड. नागीण. डॉक्टर म्हणाले, फोड उठायच्या आधी काही दिवस नुसती आग आणि दुखणं असतं, एकाच बाजूला, पट्ट्यात. औषध जितक्या लवकर, शक्यतो फोड आल्यापासून तीन दिवसांत, सुरू होईल तितकं चांगलं. आम्ही वेळेत पोचलो. पण "सदरा झोंबतोय" हे त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं आणि पुढे गेले होते, ते अजून डोक्यातून जात नाही.

टंकनाना
निशिगंध बेटा, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण लिहिलंस ते फार बरं केलंस.

सांधेजोड
निशिगंध, आभार. याला पुस्ती जोडते. दाबल्यावर ओळखीचं, "हो, हेच" असं दुखणं आणि मग हलकं वाटणं, ही स्नायूची चाल. आग होणं, मुंग्या येणं, हाताची पकड सैल पडणं, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं, सोबत ताप, ही स्नायूची चाल नाही. आणि छातीत दडपण, दम लागणं, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल तर काठी शोधत बसायचं नाही, तडक दवाखाना. हृदयाचं आणि पित्ताशयाचं दुखणंसुद्धा पाठीत बोलतं.

धावपळ
पोटरी आणि तळपायासाठी सांगतो, मी पळतो. तळपायाला चेंडू उत्तम. बसून, पाय वर ठेवून, टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश. टेनिसचा फार मऊ वाटला तर कडक रबरी. पाठीसाठी चेंडू मोज्यात घालायचा, मोज्याचं तोंड हातात धरून खांद्यावरून मागे सोडायचा आणि भिंतीला टेकायचं. सटकून पलंगाखाली जात नाही. पोटरीला आमच्याकडे लाटणं आहे. ते वेगळं ठेवलंय, अशी माझी समजूत आहे.

एकवेणी
"अशी माझी समजूत आहे" :))

शंकासुर
मोज्याची युक्ती उचलली. माझा चेंडू आजवर सात वेळा कपाटाखाली गेलाय.

अर्धविराम
निशिगंध यांच्या प्रतिसादानंतर हे लिहायला जड जातंय, पण "दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे" यावर एक जुना प्रयोग आहे. 1938 मध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टरने लोकांच्या स्नायूंत तीव्र खारं पाणी टोचून, कळ कुठे कुठे जाणवते त्याची नोंद केली. टोचलेल्या जागेपासून बऱ्याच लांब दुखत होतं. म्हणजे शंकासुर गाठीवर काहीही म्हणोत, कळ प्रवास करते हे पक्कं आहे.

शंकासुर
त्याला माझी ना नव्हतीच. कळ प्रवास करते हे मान्य, गाठीचं तिकीट तेवढं दाखवा.

सांधेजोड
अर्धविराम यांनी नेमका धागा परत मूळ प्रश्नाकडे आणला. वेलांटी, तुम्ही सांगता ती जागा, पात्याची आतली कड, ही दुखणारी जागा म्हणून प्रसिद्ध आहे आणि दोषी म्हणून क्वचितच सापडते. मानेच्या कडेचे स्केलीन स्नायू, मानेचे सांधे, मानेच्या चकत्या, हे सगळे आपलं दुखणं तिथे पाठवतात. शिवाय खांदा पुढे ओढून बसलं की तिथले स्नायू दिवसभर ताणलेल्या दोरीसारखे राहतात. ताणलेल्या दोरीला मधे दाबून ती सैल होईल का? (आणि आता स्केलीन शोधायला मानेत काठी घालू नका. आधीच सांगून ठेवते.)

एक काम करा. घरातल्या कोणाला तरी तुमचा काम करतानाचा फोटो काढायला सांगा. मागून आणि बाजूने. न सांगता, कामात गुंतलेल्या असताना. "फोटो काढते" म्हटलं की माणूस ताठ बसतो.

कळफलक
मान पुढे वाकली की डोक्याचं वजन 27 किलो होतं असं मी वाचलंय.

शंकासुर
डोकं साधारण साडेचार-पाच किलोचंच राहतं हो! 2014 च्या हंसराज यांच्या गणितात, मान 60 अंश वाकवली तर मानेवर येणारा भार 27 किलोइतका येतो. तेही संगणकावरच्या प्रतिमानातलं गणित आहे, माणसाच्या मानेत काटा बसवून मोजलेलं नाही. फोटोची कल्पना मात्र आवडली. स्वस्त आणि पडताळता येण्यासारखी.

खडूस
मी बायकोला सांगून ठेवलं होतं. आत्ता फोटो आला. खुर्चीत माणूस नाही, प्रश्नचिन्ह बसलंय.

गोगलगाय
मलाही फोटो काढायचा आहे, पण एकटीच राहते. न सांगता कसा काढू?

कळफलक
मोबाइल मागच्या कपाटात ठेवून दर दहा मिनिटांनी आपोआप फोटोची सोय लावा. तिसऱ्या फोटोपर्यंत विसरून जाल. मी करून पाहिलं. माझा डावा पाय खुर्चीवर दुमडलेला होता, मला पत्ताच नव्हता.

वेलांटी
तीन आठवड्यांनी परत येतेय. डाग गेला. काठी सोळा दिवस कपाटात होती, पहिले चार दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू.

फोटोचं सांगते. मुलीने काढले, मागून आणि बाजूने. मागून पाहिल्यावर पहिल्यांदा हसूच आलं. डावा खांदा जागेवर आणि उजवा कानाच्या भेटीला निघालेला. उजवा हात असा लांब गेलेला जणू टेबलाच्या पलीकडचं कोणी ओढतंय. माऊस कीबोर्डपासून चांगला वीतभर लांब. मी दिवसाचे आठ तास हात तसा हवेत ताणून बसते.

आता माऊस इतका लांब का, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. कीबोर्ड आणि माऊसच्या मधे माझी जाड डायरी. ती वर्षानुवर्षं तिथेच असते. आणि डायरीच्या पलीकडे, हाताशी असावी म्हणून रोज ठेवलेली... काठी. काठी आणायच्या आधीचाही एक फोटो सापडला, वाढदिवसाचा, मागे टेबल दिसतं. त्यात काठी नाही आणि माऊस चार बोटं तरी जवळ आहे.

गोगलगाय
नाही!! औषधानेच आजार वाढवला!

छत्रीवाला
म्हणून मी छत्री म्हणत होतो. छत्री कोणी टेबलावर ठेवत नाही.

शंकासुर
वेलांटी, एका फोटोवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण मीही हसलो.

सांधेजोड
मी हा धागा पुढच्या काठीवाल्याला दाखवणार आहे, नावं झाकून. आता कसं आहे?

वेलांटी
डायरी डावीकडे गेली. माऊस कीबोर्डला चिकटून, कोपर अंगाशी. खुर्ची दोन बोटं वर केली, पायाखाली एक खोकं. तासाला उठते, म्हणजे उठायचं ठरवलंय, होतं दोन तासांनी. दुखणं गेलं नाही, पण रोजचं संध्याकाळी चारचं दुखणं आता आठवड्यातून दोन-तीनदा आणि सातनंतर येतं. तेव्हा एक मिनिट काठी, कपड्यावरून, मग खांदे फिरवणं. एक मिनिट म्हणजे घड्याळ लावून, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. त्या मिनिटानंतर जे बरं वाटतं ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं. आधी बावीस मिनिटांत तास मिळायचा.

गाठ मात्र अजून हाताला लागते. शंकासुर, ती काय आहे ते तुम्ही सांगा.

शंकासुर
डावीकडे चाचपून पाहिलंत का?

वेलांटी
थांबा.

डावीकडेही आहे! तेवढीच. ती कधी दुखलीच नाही.

एकवेणी
मी पण पाहिली. मलाही आहे. घरातल्या सगळ्यांना आहे.

सांधेजोड
बरगडीवरून स्नायूचा पट्टा जातो, तो बोटाखाली टुणकन उडतो. बऱ्याच जणांना लागतो. दुखतो तेव्हाच आपण शोधतो, म्हणून दुखऱ्या बाजूचाच सापडतो.

टंकनाना
म्हणजे मी तीस वर्षं चौकटीवर बरगडी घासली?

खडूस
नाना, चौकट कशी आहे पण आता?

टंकनाना
गुळगुळीत. त्या ऑफिसात एकच दार असं आहे.

धावपळ
वेलांटी, एक राहिलं. काठी आता कुठे ठेवता?

वेलांटी
दाराच्या मागे. छत्रीशेजारी.